मेश्राम नावाचा इथं कुणी नाही

मला नोकरी आहे हे सिद्ध करण्यासाठी मी नोकरीवरून एक दिवसाची सुट्टी घेतली.

घेतली म्हणजे मागितली. दिली कुणी, ते अजून ठरलेलं नाही. कारण सुट्टी द्यायला मालक लागतो आणि माझा मालक नक्की कोण, यावर आमच्या एमआयडीसीतल्या जाणकारांचं एकमत नाही.

मी मूळचा भंडाऱ्याकडचा. आठवी पास. नववीशी माझं पटलं नाही, तिनं माझी फार वाटही पाहिली नाही. गावाकडच्या एका ओळखीच्या माणसाच्या मागं मागं कोल्हापूरला आलो आणि इथंच राहिलो. इथं मला सगळे 'नागपूरचा' म्हणतात. (कोल्हापूरच्या माणसाला सातारा ओलांडला की पुढं सगळं नागपूरच दिसतं.) पण या गावानं मला पोटाला लावलं, त्यामुळं मी तक्रार करत नाही. मी कुणाचीच तक्रार करत नाही, मी आभार मानतो. भीती वाटली की जास्तच मानतो.

एका फौंड्रीत ग्राइंडिंगला आहे. ओतून काढलेल्या लोखंडाच्या कडा मशीनवर घासून गुळगुळीत करायच्या. नऊ वर्षं झाली, मशीन तेच, मी तोच, ठेकेदार मात्र चौथा. शर्टावर कंपनीचं नाव आहे, गळ्यातल्या कार्डावर ठेकेदाराचं, आणि पगार ज्या खात्यातून येतो त्यावर एका ताईंचं नाव आहे. त्यांना मी कधी पाहिलेलं नाही. (देव त्यांचं भलं करो.) शिवाय आमच्या प्रकृतीची काळजी म्हणून दर अकरा महिन्यांनी 'ब्रेक' मिळतो. म्हणजे थोडे दिवस घरी बसायचं. नाहीतर कायद्याला उगाच वाटायचं की हा माणूस इथंच काम करतो! ब्रेक संपला की मी त्याच मशीनवर नवा कामगार म्हणून रुजू होतो. साहेब दरवेळी विचारतात, "काही अनुभव?"

मी दरवेळी म्हणतो, "नाही साहेब, पण शिकेन."

तर असं सगळं छान चाललेलं असताना मला घर घ्यायची बुद्धी झाली.

घर म्हणजे कसबा बावड्यात, साखर कारखान्याच्या पलीकडं, उसाच्या रानाला लागून झालेल्या नव्या इमारतीतली दोन खोल्यांची जागा. माझी बायको वनिता डबे करते. सध्याच्या, बावड्यातल्याच भाड्याच्या खोलीत तिची शेगडी, पातेली, कणकेचे डबे आणि उरलेल्या जागेत आमचा संसार. नव्या घरात तिनं ओट्यावरून एकदा हात फिरवला आणि मला म्हणाली, "अवो, इथं माह्या पोळपाटाले जागा आहे." झालं! परतीचे दोर तिथंच कापले गेले. बिल्डर म्हणाला, "महिनाअखेरपतोर थांबतो, मेश्राम. कर्ज झालं तर तुमचं, न्हायतर दुसरं गिऱ्हाईक हाय."

म्हणून आम्ही घरकर्ज देणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात गेलो. तिथल्या मॅडमनी हसून पाणी दिलं. पाणी देणाऱ्या माणसाला मी लगेच देव मानतो, तिथंच चुकतं.

"कुठल्या कंपनीत आहात?"

मी छातीवरचं नाव दाखवलं.

"म्हणजे त्यांच्या पेरोलवर?"

"नाही, त्यांच्या मशीनवर."

"पगार कोण देतं?"

"ठेकेदार."

"मग तुम्ही ठेकेदाराकडे नोकरीला."

"ते म्हणतात, मी फक्त माणसं पुरवतो. नोकरी कंपनीत."

"आणि कंपनी काय म्हणते?"

"कंपनी काही म्हणत नाही मॅडम. आमचं बोलणं नाही."

मॅडमनी कॉम्प्युटरकडं पाहिलं. "नोकरीला किती वर्षं झाली म्हणालात?"

"नऊ."

"इथं दहा महिने दिसतात."

"हो, तेही खरं आहे," मी म्हणालो. वनितानं मला टेबलाखालून चिमटा काढला.

मॅडमनी समजावलं की घाबरायचं कारण नाही. कंत्राटी माणसालाही कर्ज मिळतं, फक्त तो खरोखर कामाला आहे याची खात्री करावी लागते. त्यांचा माणूस येईल. घरी येईल, कामावर येईल, शेजारीपाजारी विचारेल. "कधीही येईल हं. आधी सांगितलं तर खात्री कसली?"

'घाबरू नका' असं मला कुणी म्हटलं की मी घाबरायला लागतो, आणि 'कधीही येईल' हे ऐकल्यावर तर माझी झोप उडाली. मी तयारीला लागलो. आधी आक्कांकडं गेलो. आक्का आमच्या घरमालकीण, पेठ वडगावच्या जैनांतल्या. जीव लावणाऱ्या, पण आवाज असा की त्या देवळात हळू बोलल्या तरी गल्लीला कळतं कोणतं स्तोत्र चाललंय.

"आक्का, एक माणूस चौकशीला येईल. त्याला सांगा, मेश्राम कामाला आहे."

"म्हंजे खोटं बोलू?"

"खोटं कशाला? मी आहेच की कामाला!"

"मग शिकवतोस कशाला? जे डोळ्यांनी दिसंल तेच सांगणार बघ मी. आमच्यात खोटं चालत न्हाय."

मी आभार मानले. मग गेटवरच्या येसबा वॉचमनला सांगितलं. येसबा मला नऊ वर्षं रोज तंबाखू मागतो, म्हणजे ओळख पक्की. तो म्हणाला, "तू बिनघोर ऱ्हा की लगा! पावणं येऊ दे, म्या हाय न्हवं?"

या वाक्यानंतर आपलं काम बिघडतं, हे मला आता माहीत आहे.

एका सकाळी फोन आला. "मेश्राम का? सुतार बोलतोय, व्हेरिफिकेशनचा. आज येतोय."

"कुठं येताय साहेब?" मी विचारेपर्यंत फोन बंद!

मी विचार केला. (इथूनच खरी घसरण सुरू.) माणूस घरी आला आणि मी घरी नसलो, तर काय वाटेल त्याला? इतकं मोठं कर्ज मागतो आणि घरात सापडत नाही! मी मुकादमाला फोन करून सुट्टी टाकली. कंपनीचा शर्ट घातला, गळ्यात कार्ड अडकवलं, सेफ्टीचे बूट चढवले आणि दाराशी खुर्ची टाकून बसलो.

वनिता भाकरी थापता थापता बघत होती. "तुमी घरी बसून रायले नं? मंग बूट कायले घातले?"

"कामगार दिसायला पाहिजे ना."

"कामगार कामावर दिसते बापा, खुर्चीवर नाई."

बायका शिकलेल्या असोत नसोत, नेमकं बोलतात. मी दुर्लक्ष केलं. आक्का येता जाता विचारून गेल्या, "आज काम न्हाय व्हय रं?" मी म्हणालो, "नाही आक्का, आज घरीच." त्यांनी मान डोलावली. ती मान मला पुढं फार महागात पडली.

ऊन चांगलं चढल्यावर येसबाचा फोन आला. "आरं ए नागपूर! तुझा पावणा हितं येऊन गेला की! कुठं हाईस तू?"

चप्पल शोधायची गरज नव्हती, बूट पायातच होते. मोटारसायकलला किक मारली ती थेट फौंड्रीच्या गेटवर.

"काय सांगितलंस त्याला?"

येसबा अभिमानानं म्हणाला, "त्यानं इचारलं, मेश्राम हितं कामाला हाय काय? म्या सांगितलं, मेश्राम नावाचा कुणी हितं न्हाय."

"येसबा!! मी तुला रोज तंबाखू देतो!"

"देतोस की. पर तू ठेकेदाराचा माणूस. कंपनीच्या रजिस्टरला न्हाईस. साहेबाचा हुकूमच हाय, ठेकेदाराच्या माणसाची कुणी चौकशी केली तर आपला न्हाय म्हणायचं. उगा कोर्टकचेरीची भानगड नको. आन म्या तर आवाज चढवून सांगितलं, म्हटलं आपल्या मेश्रामचं काम हाय, चांगलं ठासून सांगावं!"

ठासून सांगितल्यावर त्यानं पाहुण्याला ठेकेदाराच्या पत्र्याच्या ऑफिसात पाठवलं होतं. मी तिकडं पळालो, तर पाहुणा तिथूनही माझ्या घराकडं निघून गेलेला. ठेकेदार नव्हता, त्याचा कारकून होता. तोही मदतीला तत्परच! "म्या सांगितलं की, मेश्राम आपलाच माणूस. फकस्त आज गैरहजर हाय. आन पुढच्या महिन्यात त्यो ब्रेकवर जाणार, तवा एक तारखेपासनं त्यो आपला न्हाय. नंतर पुन्हा हाय."

"हे सगळं सांगितलंस?"

"इचारलं त्यानं, 'नोकरी पुढं टिकेल काय?' मग काय खोटं सांगू?"

त्या दिवशी कोल्हापूर जिल्ह्यात सत्याचा उत्सव होता.

शेवटचा उपाय म्हणून मी एचआरच्या साहेबांच्या दारात उभा राहिलो. म्हटलं, मोठा माणूस आहे, एका शब्दानं काम होईल. "साहेब, मी इथं काम करतो, एवढंच कर्ज देणाऱ्यांना सांगा."

साहेब शांतपणे म्हणाले, "हे बघा, कायद्यानं तुमचा आणि कंपनीचा काहीही संबंध नाही."

"बरोबर आहे साहेब. आभारी आहे."

"आणि आज सुट्टी कुणाला विचारून टाकली? तुमच्या मशीनवर माल तुंबलाय! मला विचारल्याशिवाय परत असं चालायचं नाही!"

"चुकलं साहेब," मी म्हणालो. एवढ्यात मागून मुकादम आला. त्याला अंगावर शर्ट, गळ्यात कार्ड, पायात बूट असलेला तयार माणूस दिसला. "आलास व्हय? लय बेस झालं! चल, तेवढा माल उरकून टाक."

माझा पाहुणा माझ्या घराकडं निघालेला, घराचं कर्ज बुडायला आलेलं, आणि मी काय केलं? मशीन चालू केलं! नाही म्हणायची मला सवय नाही. आठवीपर्यंतच्या अभ्यासक्रमात ते नव्हतं. तुंबलेला माल उरकला, मुकादमाचे आभार मानले आणि नखशिखांत काळा होऊन बावड्याकडं गाडी पिटाळली.

दारात माझ्याच खुर्चीवर सुतार साहेब बसले होते. पोरगेलासा माणूस, मांडीवर हेल्मेट, त्यावर कागद. शेजारी आक्का. आक्कांच्या चेहऱ्यावर कर्तव्य पार पाडल्याचं समाधान.

"मी सांगितलं हं दादांना," आक्का म्हणाल्या. "जे बघितलं तेच. म्हटलं, आज सकाळपासनं बूट घालून नुसता दारात बसलेला. आज काम न्हाय, असं त्योच बोलला."

"पण आक्का, मी रोज जातो ना!"

"रोजचं कुठं इचारलं त्यांनी? आज काय करतोय, असं इचारलं."

सुतारांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मेश्राम, तुम्ही आज सुट्टीवर आहात ना?"

"हो साहेब."

"मग हे काळं काय?"

"कामावर होतो."

"म्हणजे सुट्टी नव्हती?"

"होती. सुट्टीतच कामावर होतो."

"पण तिथं तुमच्या नावाचं कुणीच नाही म्हणे."

"नाहीच आहे साहेब. म्हणून तर माल तुंबला होता."

सुतारांनी पेन खाली ठेवलं, कपाळ पुसलं. आतून वनिता आली, तिनं त्यांना पाणी दिलं. माझ्याकडं बघितलं सुद्धा नाही. तिच्या डोळ्यांत पाणी तरळत होतं आणि ती ते भाकरीच्या पिठाच्या हातानं पुसत होती. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आज आपण नुसता गोंधळ नाही घातला, तिचा ओटा घालवला.

"साहेब, काही होईल का?" मी विचारलं. हात आपोआप जोडले गेले.

सुतार हळूच म्हणाले, "तुमचं खरं हाय, ते मला दिसतंय. पर मी लिहू काय? मी स्वतःच एजन्सीकडनं हाय, कंत्राटावर. या कर्जाच्या कंपनीसाठी आख्खं कोल्हापूर हिंडतो. मागच्या वर्षी मीच कर्ज मागितलं त्यांच्याकडं."

"मग?"

"माझ्या नोकरीची खात्री पटंना त्यांना."

दोन बेवारस माणसं एका खुर्चीच्या आजूबाजूला. आणि नेमकी डब्याची वेळ झाली.

पहिला आला तो आयटीआयचा एक शिक्षक. सुतारांच्या डोक्यावरून हात घालून ओरडला, "वहिनी, डबा! आणि काल भाकरी कमी होती हं!" त्याच्या मागं दवाखान्यातल्या दोन सिस्टर. मग बँकेतला शिपाई, मग कारखान्याची पोरं. दारात ही गर्दी! कुणी सुतारांच्या हेल्मेटवर रिकामा डबा ठेवला, कुणी त्यांच्या पायावर पाय दिला, एकानं तर "पावणं, लाईनीत या की, आमी काय येडं हाय काय?" म्हणून दमही भरला. वनिता आतून डबे पुढं करत होती, एका हातात झारा, दुसऱ्या हातात मोबाईल. कुणी पैसे पाठवले की मोबाईल मोठ्यानं बोलून सांगायचा, त्यामुळं मधूनमधून भजनासारखा आवाज चाललेला.

सुतार आधी वैतागले, मग बघत राहिले. मग त्यांनी सिस्टरना विचारलं, "कधीपासनं डबा घेता?"

"मी या दवाखान्यात लागले तेव्हापासून. मध्ये लग्न झालं, मूल झालं, डबा हाच."

"एखाद दिवस बंद असतो?"

कारखान्याचं एक पोरगं उसळलं, "बंद? वैनी तापानं फणफणलेली, तरी पिठलं मिळालं आमास्नी! तुम्ही काय अन्नभेसळवालं हाय काय? वैनीला कायबी तरास दिला तर बघा!"

"नाही बाबा, मी कर्जवाला."

"मग द्या की कर्ज! इचारताय काय नुसतं!"

आक्कांनाही राहवलं नाही. "मी कांदा-लसूण खात न्हाय, त्यामुळं चव सांगत न्हाय. पर फोडणीचा वास रोज येतो, एक दिवस चुकलेला न्हाय. हे मी डोळ्यांनी... नाकानं बघितलंय!"

सुतारांनी नवा कागद काढला. "वहिनी, तुम्हाला हे काम कुणी दिलं?"

वनिता गोंधळली. "काम कोन देईन बापा? लोकायले भूक लागते."

"ठेकेदार वगैरे?"

"पोटाले कुठं ठेकेदार रायते?"

"ब्रेक कधी असतो?"

"भुकेले ब्रेक देऊन पाहा नं तुमी. राहा उपाशी, मंग सांगा."

सुतारांनी ते सगळं जसंच्या तसं लिहिलं नसेल, पण काहीतरी भराभर लिहिलं. मग वनितानं वाढलेल्या ताटाला त्यांनी पूर्ण न्याय दिला. (तो तपासणीचाच भाग असावा. कांदा फोडून घेतला, दोनदा आमटी मागितली, अगदी बारकाईनं खात्री केली.) जाताना म्हणाले, "मेश्राम, कर्ज वहिनींच्या नावानं टाकू. तुमचं नाव मागं जोडू."

"मागं म्हणजे?"

"म्हणजे असू दे. तुम्हीबी हाय घरात, एवढंच."

मी त्यांचे फार आभार मानले. नऊ वर्षं लोखंड घासलं, कार्ड आहे, शर्ट आहे, पगाराची चिठ्ठी आहे, पण माझी खात्री कुणाला पटली नाही. वनिताकडं शर्ट नाही, कार्ड नाही, चिठ्ठी नाही. तिची खात्री एका जेवणात पटली!

एवढ्यावर संपलं असतं तर मी ही गोष्ट कुणाला सांगितलीच नसती. पण महिना संपायला एकच दिवस उरला असताना दुपारी फोन आला. मी मशीनवर होतो. फोन कर्जाच्या कंपनीच्या मुंबई ऑफिसातून. चेक काढायच्या आधीची शेवटची खात्री! आवाज अतिशय गोड.

"वनिता मेश्राम यांचे पती बोलताय का? तुम्ही काय करता?"

माझ्या हातात लोखंड, समोर फिरणारं चाक, चारी बाजूंनी ठिणग्या. तोंडाशी खरं उत्तर आलं. आणि त्याबरोबर डोळ्यांसमोर ओळीनं उभे राहिले येसबा, कारकून आणि एचआरचे साहेब. तिघेही सत्यवादी, तिघेही मदतीला तत्पर! वनिताचा ओटा एका शब्दावर लटकला होता.

"घरीच असतो, मॅडम," मी ओरडून म्हणालो. "बायकोला डब्यात मदत करतो."

"छान. पण मागे एवढा आवाज कसला येतोय?"

"मिक्सर! चटणी वाटतोय!"

"एवढी?"

"कोल्हापूर आहे, मॅडम!"

पलीकडून टकटक टाइप केल्याचा आवाज आला, आणि दुसऱ्या दिवशी चेक निघाला. आता आम्ही बावड्यातल्या त्या घरात राहतो, पोळपाटाला जागा झाली आहे, आणि कर्जाच्या कागदांवर माझ्या नावापुढं 'डबे व्यवसायात पत्नीस मदत' असा व्यवसाय छापलेला आहे. आयुष्यात एका तरी कंपनीनं माझ्या कामाची रीतसर खात्री करून घेतली, याबद्दल मी तिचा कायमचा ऋणी आहे. मला चटणी वाटता येत नाही, हे फक्त वनितानं कुणाला सांगू नये.